बाथटबभोवतीचं ग्राउट : सीलर, सिलिकॉन आणि त्यानंतरची निगा

निकाल आधी सांगते. सिमेंटच्या ग्राउटमध्ये, म्हणजे टाइल्समधल्या फटी भरायच्या मसाल्यात, मुरणारा, म्हणजे लेबलवर 'पेनिट्रेटिंग' किंवा 'इम्प्रेग्नेटिंग' असं लिहिलेला सीलर जरूर घ्या. तो डाग थोपवतो आणि रोजची पुसापुशी हलकी करतो. टबाची कड आणि टाइल यांच्यामधल्या सांध्यात मात्र सीलरही नको आणि ग्राउटही नको, तिथे फक्त सॅनिटरी सिलिकॉन, म्हणजे न्हाणीघरासाठीचं, रबरासारखं लवचीक राहणारं भरण. आणि वरून चकाकणारा थर देणारा जो सीलर मिळतो, तो टबाच्या आसपास आणूच नका. हे सगळं आमच्या घरी लावून, बघून आणि काही ठिकाणी खरवडून काढून झालं आहे. आता वर्ष उलटून गेलंय, म्हणून लिहायला बसले. नवा सीलर पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच आवडतो, त्याची खरी पारख साबणाच्या पाण्यात काही महिने गेल्यावरच होते.

कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. माझी सगळी नोकरी शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे बाटलीच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू वाचायची सवय लागली आहे. मागे काय लिहिलेलं असावं ते सांगते. तेवढ्यावर कुठल्याही कंपनीचा माल पारखता येतो.

सासूबाईंच्या गुडघ्यांना गरम पाण्यात बसल्यावर आराम पडतो, म्हणून जुना टब काढून थोडा खोलगट, ॲक्रिलिकचा टब बसवून घेतला. टबाच्या तीन बाजूंना भिंत, भिंतींना पांढऱ्या सिरॅमिक टाइल्स, सांधे साधारण ३ मिलिमीटरचे आणि त्यांत फिकट राखाडी सिमेंट ग्राउट. टाइल्सना वरून काचेसारखा ग्लेझ आहे, त्यामुळे टाइलला सीलर लावण्यात काही अर्थ नसतो, तो आत शिरतच नाही. पाणी पितो तो सांधा.

का पितो, हे समजलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. ग्राउट म्हणजे सिमेंट, बारीक वाळू किंवा दगडाची पूड, रंग आणि थोडं पॉलिमर. सिमेंट पाण्याशी अभिक्रिया करून घट्ट होतं. पण त्या अभिक्रियेला जेवढं पाणी लागतं त्याहून जास्त पाणी कालवताना घालावं लागतं, नाहीतर ते सांध्यात दाबून भरताच येणार नाही. हे जादा पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या मागे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वाटा उरतात. नव्या, सीलर न लावलेल्या ग्राउटवर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब क्षणभर फुगीर दिसतो, मग त्याची कड खाली बसते, आणि बघता बघता तो नाहीसा होऊन तिथे गडद ठिपका उरतो. पाणी त्या वाटांनी आत ओढलं गेलं. उद्या साबणाचं पाणी, अंगाचं तेल, केसांचा रंग याच वाटेने जाणार आणि पाणी उडालं तरी ते मात्र आतच राहणार. महिन्याभरात राखाडी सांधा कुठे पिवळट, कुठे काळपट दिसायला लागतो तो यामुळे.

ग्राउटच्या पिशवीवर 'सीजी २' असं लिहिलेलं असतं आणि पुढे कधी 'डब्ल्यू', कधी 'ए'. हे वर्गीकरण आयएसओ १३००७ या मानकातलं आहे. 'सीजी' म्हणजे सिमेंटचं ग्राउट, 'डब्ल्यू' म्हणजे पाणी कमी शोषणारं, 'ए' म्हणजे घासलं तरी कमी झिजणारं. आमचं ग्राउट 'सीजी २ डब्ल्यूए' होतं, तरी थेंब मुरलाच, फक्त जरा उशिराने. त्यामुळे "हे ग्राउट वॉटरप्रूफ आहे, सीलर कशाला" असं कोणी सांगितलं तर एक थेंब ठेवून बघायचा आणि मग ठरवायचं.

सीलर केव्हा लावायचा यावर कारागिरांचं आणि बाटलीचं एकमत नव्हतं. कारागीर म्हणाले, उद्याच मारून टाका. बाटलीवर किमान ७२ तास थांबा असं होतं. मी त्याहून बरीच जास्त थांबले, कारण सिमेंटची ताकद मोजायची रीत २८ दिवसांची आहे आणि घरात अंघोळीला दुसरी जागा होती. ज्यांच्याकडे एकच न्हाणीघर आहे त्यांनी निदान बाटलीवरची मुदत तरी पाळावी, त्याच्या आत हात लावू नये. थांबण्याचा मला एक फायदा दिसला. नळाच्या बाजूच्या कोपऱ्यात सांध्यांवर पांढरी भुकटी उमटली. सिमेंटमधलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड ओलाव्याबरोबर वर येतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होतो आणि पृष्ठभागावर कॅल्शियम कार्बोनेट जमतं. कोरड्या नायलॉनच्या ब्रशने आणि नंतर ओल्या फडक्याने ते निघालं, पुन्हा थोडं आलं, पुन्हा निघालं. घाईने सीलर लावला असता तर ही पांढरी भुकटी त्याच्याखाली अडकून बसली असती आणि ती काढायला मग आम्ल वापरावं लागलं असतं, जे ग्राउटलाच खातं.

या मोकळ्या दिवसांत आणखी एक काम करून घ्या. न्हाणीघरातला दिवा घालवा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. समोरून बघताना जे सांधे गुळगुळीत वाटतात, त्यांत आडव्या उजेडात टाचणीच्या टोकाएवढी भोकं, केसासारख्या चिरा आणि अर्धवट भरलेले कोपरे स्पष्ट दिसतात. ग्राउट फार पातळ कालवलं किंवा टाइल्स पुसताना स्पंजमध्ये जास्त पाणी राहिलं की असं होतं. सीलर ही भोकं बुजवत नाही. तो पाण्यासारखा पातळ असतो, भोकाच्या कडांना लागतो आणि भोक तसंच राहतं. त्याच पिशवीतलं उरलेलं ग्राउट घट्टसर कालवून बोटाने दाबून भरायचं आणि पुन्हा वाळू द्यायचं. म्हणून कारागीर जाताना दोन वाट्या कोरडं ग्राउट मागून घ्या आणि झाकण घट्ट बसणाऱ्या बरणीत ठेवा. रंगाचा आकडा बरणीवर लिहून ठेवा.

आता सीलर. मी घेतला तो पाण्यात बनवलेला, सायलेन-सायलॉक्सेन प्रकारचा. त्याचे रेणू त्या बारीक वाटांच्या भिंतींना रासायनिक बंधाने चिकटतात आणि भिंतींवर पाणी पसरू देत नाहीत. वाटा बुजत नाहीत, उघड्याच राहतात, त्यामुळे आतला ओलावा वाफ होऊन बाहेर येऊ शकतो. हाच या प्रकाराचा मोठा गुण. सॉल्व्हंटमधलेही असे सीलर मिळतात, पण त्यांचा वास उग्र असतो, वाफा पेट घेणाऱ्या असतात आणि खिडकी लहान असलेल्या न्हाणीघरात ते वापरणं मला पटत नाही. फ्लोरोपॉलिमर असलेले सीलर पाण्याबरोबर तेलही थोपवतात. सासूबाई गुडघ्यांना तेल चोळून टबात बसतात हे लक्षात घेता आमच्यासाठी तो जास्त योग्य होता, आणि आता दुसऱ्या खेपेला मी तोच आणलाय. पाणी आणि साबण एवढाच संबंध असेल तर साधा पुरतो.

लावायला बाटलीच्या तोंडाशी ब्रश असलेला, चाक असलेला आणि फवारणीचा, असे तीन प्रकार हाताळले. चाकाचा दिसायला सोयीचा, पण उभ्या भिंतीवर चाकातून ओघळ गळतात. फवारणीत निम्मा माल टाइलवर आणि टबावर उडतो. ब्रशचा सगळ्यांत बरा, त्यातही बाटलीचा ब्रश बाजूला ठेवून चित्रकलेचा चपटा ब्रश घेतला तर हात जास्त आवरलेला चालतो. सांधा भिजलेला दिसेपर्यंत लावायचा, पाचेक मिनिटं मुरू द्यायचा आणि वर उरलेला लगेच पुसायचा. या पुसण्यातच सगळं कौशल्य आहे. ग्लेझवर राहिलेला सीलर वाळला की चिकट, धुरकट डाग पडतो आणि साध्या पाण्याने तो हलत नाही. तसा डाग पडलाच तर त्याच सीलरचे दोन थेंब त्यावर टाकून घासायचे, जुना थर विरघळतो, मग कोरड्या मायक्रोफायबरने पुसून घ्यायचं. एका वेळी हाताच्या पल्ल्याएवढीच भिंत घ्यावी. उजव्या हातात ब्रश, डाव्या हातात फडकं. पहिला हात मुरल्यावर दुसरा दिला. दुसऱ्या हाताला निम्म्याहून कमी माल लागला, यावरूनच पहिला नीट मुरला हे समजतं. मग चोवीस तास पाणी बंद.

दुसऱ्या दिवशी थेंब ठेवला तर तो गोल, टपोरा, जागचा हलेना. टिपून घेतला तर खाली ठिपकाही नाही. सांध्याचा रंग बदलला नव्हता, चमकही आली नव्हती, अगदी पूर्वीसारखाच कोरडा, मॅट. मला हे फार आवडलं. काहींना सांधा गडद आणि भिजल्यासारखा हवा असतो, त्यांच्यासाठी रंग खुलवणारे वेगळे सीलर असतात, पण ते एकदा लावले की मागे फिरता येत नाही.

वर्षभरानंतरचं चित्र भिंतीच्या उंचीप्रमाणे वेगवेगळं आहे. वरच्या ओळींत थेंब आजही तसाच टपोरा बसतो. टबाच्या लगतच्या खालच्या दोन ओळींत आणि शॉवरचं पाणी थेट आपटतं त्या पट्ट्यात थेंब आता चपटा होतो आणि काही मिनिटांनी खाली फिकट ठिपका दिसतो. म्हणजे तिथला सीलर झिजला. बाटल्यांवर कित्येक वर्षांचे वायदे छापलेले असतात. रोज साबण, गरम पाणी आणि ब्रश सोसणाऱ्या सांध्याला ते लागू धरू नयेत. यातून एक बरं झालं, सगळी भिंत पुन्हा करायची गरज नाही. जिथे थेंब मुरतो तेवढाच भाग स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, नवा हात द्यायचा. तारखेवर विसंबण्यापेक्षा दर दोन-तीन महिन्यांनी ड्रॉपर घेऊन खालच्या ओळी तपासाव्यात.

वरून थर देणाऱ्या ॲक्रिलिक सीलरबद्दल इतकं ठामपणे लिहिलं, त्याचं कारण घरात ठेवलेली एक फळी. उरलेल्या टाइल्स सिमेंट बोर्डाच्या तुकड्यावर चिकटवून त्याच ग्राउटने सांधे भरले. एक सांधा कोरा ठेवला, एकाला मुरणारा सीलर, एकाला थर देणारा. फळी टबाच्या कोपऱ्यात उभी ठेवली, म्हणजे रोजचं पाणी तिच्यावर पडेल. थराचा सांधा सुरुवातीला सगळ्यांत देखणा होता. मग तो दुधी झाला, कारण मागून आलेल्या ओलाव्याला वर यायला वाट नव्हती. पुढे कडेने पापुद्रा सुटला आणि नखाने ओढला तर फितीसारखा निघून आला. त्याच्याखाली साबण आणि काळपट घाण शिरलेली. कोरड्या खोलीच्या फरशीवर हा प्रकार चालत असेल, टबाशेजारी नाही.

आणि सीलरकडून काय मागू नये, तेही स्पष्ट लिहिते, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. सीलर भिंत जलरोधक करत नाही. पाणी भिंतीत जाऊ न देण्याचं काम टाइलच्या मागे असलेल्या वॉटरप्रूफिंगच्या थराचं आहे, आणि ते टाइल लावण्याआधीच झालेलं असायला हवं. ते झालं नसेल तर वरून कितीही सीलर ओता, मागची ओल थांबणार नाही. बुरशीलाही सीलर मारत नाही. बुरशी सांध्यावर जमलेल्या साबणाच्या आणि त्वचेच्या थरावर वाढते, तो थर साचू न देणं आपल्याच हातात आहे.

आता त्या सांध्याकडे येते, जिथे खरी गळती होते. टाइल लावणाऱ्यांनी टबाची कड आणि टाइलची शेवटची ओळ यांच्यामध्येही ग्राउटच भरून दिलं होतं. दिसायला सुरेख, सगळीकडे एकसारखा रंग. टब पहिल्यांदा काठोकाठ भरून बघितला आणि त्या सांध्यात लांबच्या बाजूला केसासारखी चीर धावली. टब रिकामा केला की मिटायची, भरला की उघडायची. बाथरूम फिटिंगचं काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी बघायला आला. चिरेत नख घालून म्हणाला, "बाई, टब भरला की खाली दबतो, भिंत जागची हलत नाही. मधलं ग्राउट दगडासारखं, त्याने करायचं काय?"

"मग वरून सिलिकॉन मारलं तर?"

"वरून मारलेलं सहा महिन्यांत सुटतं. सगळं खालपर्यंत काढायला लागेल."

तो म्हणाला ते हिशेबानेही पटतं. टबात दीडशे-दोनशे लिटर पाणी म्हणजे तेवढेच किलो, त्यात बसणाऱ्या माणसाचं वजन. ॲक्रिलिक आणि फायबरचे टब एवढ्या भाराखाली थोडे वाकतातच. शिवाय टब गरम पाण्याने फुगतो, भिंत तेवढी फुगत नाही. जिथे दोन पातळ्या एकमेकींना काटकोनात येतात किंवा दोन वेगळे पदार्थ एकमेकांना लागतात, तिथे लवचीक सांधा ठेवावा, हे टाइल कौन्सिल ऑफ नॉर्थ अमेरिकेच्या हस्तपुस्तिकेत 'ईजे १७१' या कलमाखाली दिलेलं आहे. म्हणजे टबाची कड तर आलीच, पण दोन भिंतींचे उभे कोपरेही आले. आमच्या कोपऱ्यांत चिरा नव्हत्या, तरी तेही करून घेतले.

ग्राउट काढणं हे सगळ्यांत कंटाळवाणं आणि जोखमीचं काम. टबावर जाड पुठ्ठा आणि त्यावर टेप लावून मगच हत्यार चालवलं, कारण ॲक्रिलिकवर ओरखडा पडला की कायमचा. हाताच्या ग्राउट-करवतीने हळूहळू, धूळ व्हॅक्यूमने ओढत. मग सांधा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओलसर फडक्याने पुसला. ॲसिटोन वापरू नका, ते ॲक्रिलिकच्या टबाला विरघळवतं. सांधा पूर्ण कोरडा होईपर्यंत थांबलो.

मग त्या विद्यार्थ्याने टब पाण्याने भरला, ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी जायच्या भोकाच्या, खालीपर्यंत. टब दबून सांधा जितका उघडायचा तितका उघडतो आणि त्या अवस्थेत सिलिकॉन भरलं जातं. नंतर टब रिकामा झाल्यावर सिलिकॉन थोडं दाबलं जातं, पण रोजच्या वापरात ते ताणलं जात नाही. रिकाम्या टबावर भरलेलं सिलिकॉन प्रत्येक अंघोळीला ताणलं जातं आणि कडेने सुटतं. ही एक गोष्ट कारागिराला आवर्जून सांगा, बरेचजण वेळ वाचवायला टाळतात.

लांबच्या बाजूला फट खोल होती, तिथे आधी फोमची गोल दोरी दाबून बसवली. तिला बॅकर रॉड म्हणतात. तिच्यामुळे सिलिकॉन फक्त वरच्या टाइलला आणि खालच्या टबाला चिकटतं, मागच्या बाजूला चिकटत नाही. तिन्ही बाजूंना चिकटलं तर त्याला ताणायला मोकळीक राहत नाही आणि ते मधून फाटतं. मग वरखाली मास्किंग टेप, नळीचं तोंड तिरकं कापून गनने न थांबता एक सलग ओळ, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच वरून फिरवलं आणि टेप लगेच ओढून काढली. दहा-पंधरा मिनिटांत वर साय धरते, त्यानंतर टेप ओढली तर कड फाटते.

सिलिकॉन घेताना दोन गोष्टी वाचा. पहिली, '१०० टक्के सिलिकॉन' असं लिहिलेलं हवं. 'सिलिकॉनाइज्ड' असं असेल तर तो ॲक्रिलिक कॉक, म्हणजे पाण्यातली फटी भरायची पेस्ट आहे, त्यात सिलिकॉन नावापुरतं. ॲक्रिलिक कॉक लावायला सोपा, हात पाण्याने धुता येतात, वरून रंगही देता येतो, पण त्यातलं पाणी उडालं की तो आक्रसतो. मावसबहिणीकडे टबाला तोच लावला होता, मधून खळगा पडलाय आणि दोन्ही टोकांना सुटलाय. दुसरी गोष्ट, 'न्यूट्रल क्युअर' की 'ॲसिटॉक्सी'. ॲसिटॉक्सी सुकताना त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं, व्हिनेगरचा वास येतो तो त्याचाच. सिरॅमिकला आणि काचेला ते चांगलं चिकटतं, पण संगमरवर आणि काही धातूंना बाधतं. आमचे नळ पितळेचे आणि टब ॲक्रिलिकचा, म्हणून न्यूट्रल घेतलं. रंग ग्राउटला मिळताजुळता मिळाला, पांढऱ्यापेक्षा तो कितीतरी बरा दिसतो.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत घट्ट होत जातं, चोवीस तासांत साधारण २ ते ३ मिलिमीटर. म्हणून वरून कोरडं लागलं तरी आतून कच्चं असू शकतं. आम्ही पाणी टबात तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी, घाई न करता, सोडलं. भिंतीच्या ग्राउटला सीलर लावला तो यानंतर. क्रम उलटा करायचा असेल तर सिलिकॉन जिथे बसणार ती पट्टी टेपने झाका, कारण सीलर लागलेल्या जागी सिलिकॉनची पकड कमी होते.

वर्षभरात हा सांधा कुठेही सुटलेला नाही. फक्त मागच्या कोपऱ्यात, जिथे शॅम्पूच्या बाटल्या टबाच्या कडेवर उभ्या असायच्या, तिथे काळे ठिपके आले. सॅनिटरी सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, पण पाण्याबरोबर ते हळूहळू निघून जातं, आणि बाटलीच्या बुडाखाली ओल कधी वाळतच नाही. बाटल्या भिंतीवरच्या जाळीत गेल्यापासून नवे ठिपके नाहीत. वरवरचे ठिपके पातळ ब्लीचमध्ये भिजवलेला कापसाचा पेळू सांध्यावर ठेवून निघाले. आत शिरलेले निघत नाहीत, तिथे सिलिकॉनच बदलावं लागतं.

रोजच्या निगेत सर्वांत जास्त फरक रबरी पट्टीच्या वायपरने पडला. अंघोळ झाली की भिंत वरून खाली ओढून घ्यायची आणि एक्झॉस्ट पंखा थोडा वेळ चालू ठेवायचा. कठीण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा राखाडी थर बनवतात, तो भिंतीवर वाळायच्या आधी खाली गेला की अर्धी लढाई जिंकली. साबणाऐवजी लिक्विड बॉडीवॉश वापरला तर हा थर फार कमी धरतो. सांध्यावर कधी गुलाबी चिकट थर दिसला तर बहुतेक वेळा ती बुरशी नसते, सेराशिया मार्सेसेन्स नावाचे जिवाणू असतात. साध्या साबणाने घासून, धुऊन, कोरडं ठेवलं की तो आटोक्यात राहतो.

साफ करायला पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा, क्लीनर घ्यावा. व्हिनेगर आणि लिंबू सिमेंट ग्राउटवर वापरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आम्ल सिमेंटमधल्या कॅल्शियमच्या संयुगांना विरघळवतं, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढच्या वेळी घाण जास्तच धरते. व्हिनेगरमध्ये खायचा सोडा टाकून फेस आणायची जी युक्ती सगळीकडे सांगतात, त्यात आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात. बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे, उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी. त्याने डाग जात नाही. जुन्या डागाला कोमट पाण्यात सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच, विरघळवून पंधरा मिनिटं ठेवायचं आणि मऊ ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवायचं. क्लोरीनचं ब्लीच क्वचित, खिडकी उघडून, आणि एकटंच. त्यात कुठलंही आम्ल मिसळलं, टॉयलेट क्लीनर असो वा व्हिनेगर, तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर क्लोरामाइन तयार होतात. बंद न्हाणीघरात हे जिवावर बेतू शकतं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे दरवर्षी सांगायचे, इथेही सांगते.

ज्यांच्या टाइल्स लागल्या आहेत पण सांधे अजून भरायचे आहेत, त्यांनी इपॉक्सी ग्राउटचा विचार करावा. राळ आणि हार्डनर मिसळून ते बनतं, त्यात सिमेंटसारख्या वाटा नसतात, म्हणून सीलर कधीच लागत नाही आणि डागही धरत नाही. मात्र मिसळल्यावर ते लवकर घट्ट होतं आणि टाइलवरचा थर वेळेत पुसला नाही तर फार त्रास देतो, त्यामुळे हात बसलेला माणूसच हवा. टबाच्या कडेला तिथेही सिलिकॉनच.

सिलिकॉन बदलायची वेळ आली तर जुन्यावर नवी ओळ मारू नका, घट्ट झालेल्या सिलिकॉनला नवं नीट चिकटत नाही. दोन्ही कडा प्लास्टिकच्या खरवडणीने सोडवून पट्टी ओढून काढायची, उरलेला अंश सिलिकॉन रिमूव्हरने मऊ करून पुसायचा, अल्कोहोल, कोरडं, आणि मग पुन्हा टब भरून पहिल्यापासून. नवी नळी घेताना तिच्यावरची मुदत बघा. मुदत संपलेलं सिलिकॉन नळीतून व्यवस्थित बाहेर येतं, पण सांध्यात घट्टच होत नाही, चिकट राहतं आणि ते काढणं सगळ्यांत कठीण. शंका असेल तर आधी पुठ्ठ्यावर बोटभर ओळ ओढा. तासाभरात वर साय धरली नाही तर ती नळी टाकून द्या.